झोपलेल्या माश्यांची मोजणी

सानिका,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन शब्द लिहून द्या, असा परवा फोन आला. फोटो त्यांच्याकडे आहे, तीन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाचा, साडीतला. हसतमुख, निसर्गप्रेमी, सर्वांची लाडकी एवढं आलं की झालं, पाऊण पान पुरे, असं पलीकडून सांगितलं गेलं. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला हसू आलं. तू हसतमुख? नाकावर राग घेऊन फिरणारी मुलगी तू. सर्वांची लाडकी तर मुळीच नव्हतीस. सोसायटीतल्या निम्म्या लोकांशी तुझं भांडण होतं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं माझ्याशी. ते मिटलं नाही. तेव्हा मंडळाला काय द्यायचं ते नंतर बघू. आधी तुला लिहितो.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. खाली कालीपूजेच्या मांडवाचे बांबू येऊन पडले आहेत. दुसऱ्या मजल्यावर तुझं घर, तिसऱ्यावर माझं, आणि तुझ्या खोलीच्या खिडकीच्या बरोबर वर माझी गॅलरी. ही गॅलरी पुढे पुष्कळदा येणार आहे.

आपली ओळखही तिच्यामुळेच झाली. बँकेच्या बदलीने आम्ही कोलकात्यात आलो तेव्हा माझ्या बायकोने, तुझ्या सुमनकाकूने, पुण्याहून कढीपत्त्याचं रोप मांडीवर घेऊन दीड दिवस रेल्वेत काढला होता. इथे बाजारात कढीपत्ता मिळतो, पण घरचा तो घरचा. माझ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्या झाडावर अळ्या पडल्या. पक्ष्याची विष्ठा वाटावी अशा, काळपट पांढऱ्या, ओंगळ. मी चिमट्याने एकेक उचलून गॅलरीतून खाली टाकल्या आणि हात धुऊन वर्तमानपत्र उघडलं, तोच बेल वाजली. दारात अकरा वर्षांची तू, हातात आईचा मसाल्याचा डबा.

"काका, तुमचा अळी आमच्या खिडकीवर पडला."

"पडली," मी म्हणालो. "ती अळी."

"पडली नाही. तुम्ही टाकला."

तुझा जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणी सगळ्या बंगाली. मराठी तू फक्त घरात आणि माझ्याशी भांडताना बोलायचीस, आणि तो-ती-ते तुला शेवटपर्यंत जमलं नाही. पण मुद्दा कधी चुकला नाही. अळ्या तू खाली घेऊन गेलीस आणि रोज संध्याकाळी येऊन माझ्याच झाडाची चार पानं माझ्याच देखत तोडून नेऊ लागलीस. दोन-तीन आठवड्यांनी जिन्यातून ओरडत आलीस, "काका, या! तुमचा कढीपत्ता उडतो आहे!" डब्याच्या काठावर एक काळं फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मला साठ वर्षं होऊन गेली होती आणि कढीपत्त्यावरची अळी पुढे काय होते हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आपला करार झाला. एक फांदी फोडणीसाठी आणि बाकीचं झाड त्यांचं.

इमारतीमागची पट्टी ही त्या कराराचीच पुढची पायरी. कुंपणाची भिंत आणि कालवा यांच्यामधली ती सोसायटीची जागा. फुटलेल्या फरशा, जुने कमोड, थर्माकोल, सगळं तिथे जायचं. बारावीत असताना तू ती साफ करायला घेतलीस, बरोबर शेजारच्या इमारतीतला अर्को आणि तळमजल्यावरची मिमी. मिमी तेव्हा नऊ वर्षांची. मला वाटलं, चला, मुलं बाग करताहेत. चार गुलाब, एखादी बोगनवेल. पण तू लावलंस काय, तर जे उपटून टाकायला आम्ही माळ्याला बोलावतो ते! इथल्या भाटाची पांढऱ्या फुलांची झुडपं, रानतुळस, डमडमच्या रुळांकडेला उगवलेली रुई. ती रुई तू जेवणाच्या डब्यात घालून लोकलने आणलीस. मी म्हटलं, अगं, रुई आम्ही मारुतीला वाहतो. तू म्हणालीस, "वाहा ना. चार पानं मारुतीला, बाकी अळीला." प्रत्येक गोष्टीची वाटणी करायची तुला सवयच होती.

सोसायटीचे अध्यक्ष मजुमदारबाबू कंबरेवर हात ठेवून भिंतीपलीकडे बघायचे आणि म्हणायचे, "शेक्रेटारीबाबू, ए तो जोंगोल!" जंगलच होतं ते, आणि सेक्रेटरी मीच. तक्रारी माझ्याकडे यायच्या. मी त्या फाइलला लावायचो आणि तुला दम द्यायचो, आणि तू ऐकून घेतल्यासारखं करायचीस.

पंधरा मिनिटं, एक झाड, हा तुझा नियम. रविवारी सकाळी प्रत्येकाने एका फुललेल्या झाडासमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि कोण कोण आलं ते वहीत लिहायचं. फोन नाही, बोलणं नाही. एका रविवारी एक मुलगा आला नाही आणि तू मला पकडलंस. सुमन वरून म्हणाली, "उभे राहा हो, नाहीतरी घरात पेपरवर ओरडत बसणार." भाटाच्या झुडपासमोर मी उभा राहिलो. पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, नुसते गुडघे दुखले. मग एक काळा भुंगा आला. मग बारक्या माश्या, मग एक मोठी, पोटावर निळे पट्टे असलेली, आल्या आल्या परत जाणारी. मी लिहिलं, 'माश्या, पुष्कळ.' तू वही बघितलीस आणि म्हणालीस, "काका, बँकेत पण 'पैसे, पुष्कळ' असं लिहायचात?" सगळी मुलं फिदीफिदी हसली. पुढच्या रविवारी मी चष्मा पुसून गेलो. त्यानंतर आजारपण सोडलं तर मी एकही रविवार चुकवला नाही, हे तुला माहीत आहे. पण निवृत्त माणसाला रविवार कधी उजाडतो याची वाट बघायला लावणं ही केवढी गोष्ट आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो आहे, उशिरा.

घोरपडीचा दिवस आठवतो? कालव्यातून ती आवारात आली होती, चांगली हातभर लांब. वॉचमन काठी घेऊन, मजुमदारबाबू गाडीत काचा वर करून, आणि तू मधल्या पायरीवर फतकल मारून. "जाईल तो. त्याला घाई नाही, तुम्हाला आहे." पाऊण तास आम्ही सगळे तिष्ठत उभे, आणि ती बया दिवाणखान्यातून चालल्यासारखी गटाराच्या तोंडातून परत गेली. वॉचमन त्यानंतर तुला सलाम करायचा. थट्टेने करायचा, पण करायचा.

मला सगळ्यात आवडायची ती झोपलेल्या माश्यांची मोजणी. या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर घर करत नाहीत, पोळ्यात राहत नाहीत, हे तूच सांगितलंस. संध्याकाळ झाली की एखाद्या वाळक्या काडीवर ओळीने येतात, जबड्यांनी काडी धरतात आणि तसेच लोंबकळत झोपी जातात. रोज तीच काडी. दिवेलागणीच्या आधी तुम्ही मुलं चवड्यांवर बसून ती ओळ मोजायचात. मिमी कुजबुजायची, एक, दुइ, तिन, चार. एकदा तिला शिंक आली तर तिने दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं होतं. मी मागे उभा राहून बघायचो. आमच्या घरात मूलबाळ नाही. बाळ झोपल्यावर घरात पावलं न वाजवता चालायचं असतं, ते आमच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या काडीपाशी ते आलं.

आणि मीच तिथे धूर सोडला.

जुलैमध्ये बाजूच्या ब्लॉकमध्ये डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले. लोक माझ्या दारात यायला लागले. सेक्रेटरी काय करतात? फवारणी का नाही? तू आधीपासून बजावत होतीस की धुराने उडणारं सगळं मरतं, आणि पाण्यातली डासाची अळी मात्र मजेत राहते. साठलेलं पाणी उपडं करा, बस. पण पाणी उपडं केलेलं कुणाला दिसत नाही, धूर दिसतो. मी खाजगी माणूस बोलावला. कधी, तर तुझं कॉलेजचं प्रॅक्टिकल असतं आणि तू सियालदहहून उशिरा येतेस त्या गुरुवारी, संध्याकाळी. वेळ चुकून तशी ठरली नव्हती. मी ती बघून ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात आलीस. हातात स्टीलची ताटली. ताटलीत अकरा माश्या, पाय आखडलेल्या.

"काका, मोजा."

"सानिका, बाजूच्या ब्लॉकमध्ये डेंग्यू आहे."

"धुराने तो जात नाही. मी दहा वेळा सांगितलं."

"लोकांना काहीतरी केलेलं दिसायला हवं."

"म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटायची?"

ही म्हण मीच तुला शिकवली होती, आणि तू ती अगदी जागच्या जागी वापरलीस. एरवी मी पाठ थोपटली असती. पण मला राग आला होता, कारण तुझं बरोबर होतं आणि जिन्यात शेजारी उभे होते. मी म्हणालो, "माश्या वाचवायला माणसं मरू देऊ का मी?"

तू वाकलीस. ताटली उंबऱ्यावर ठेवून निघून गेलीस. माश्या सुमनने कढीपत्त्याच्या कुंडीत पुरल्या. मी पेपर वाचत बसलो होतो, एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

त्यानंतर आपलं बोलणं थांबलं. जिन्यात भेटलीस की "नमस्कार काका" म्हणायचीस, सरकारी पत्रातल्या नमस्कारासारखं. रविवारी मी खाली गेलो नाही. लहानांनी आधी बोलावं, मोठ्यांनी वाट पाहावी, अशी माझी समजूत. गॅलरीतून मात्र दिसायचं की तुम्ही उभे आहात, आणि माझ्या भाटासमोर कुणीच नाही.

मग गणपती आले. दरवर्षी या दिवसांत आम्ही पंधरा दिवस पुण्याला माझ्या भावाकडे जातो आणि घराची किल्ली तुझ्याकडे असते. तू कुंड्यांना पाणी घालायचीस आणि अळीचे फोटो पाठवायचीस. भर आरतीत माझा फोन वाजायचा आणि भाऊ विचारायचा, कुणाचं एवढं महत्त्वाचं? या वर्षी मी किल्ली दिली नाही. बदलीच्या नोकरीतली मराठी माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत तेच केलं. न्हाणीघरातले दोन मोठे प्लास्टिकचे टब गॅलरीत आणले, त्यांत चार बोटं पाणी भरलं, कुंड्या त्या पाण्यात ठेवल्या आणि कुलूप लावलं. माझी आई असंच करायची. झाडं पंधरा दिवस खालून पाणी पितात, कुणाची मिनतवारी नको. स्टेशनकडे जाताना मी सुमनला म्हणालोसुद्धा, कुणावाचून काही अडत नाही बघ.

परत आलो, गॅलरीचं दार उघडलं. कढीपत्ता हिरवागार होता. आणि टबातलं पाणी वळवळत होतं. सुमन म्हणाली, "अहो, हे काय!" वर पाण्यावर पातळ, पारदर्शक सालं तरंगत होती. ती कशाची हे मला कुणी सांगायला नको होतं. मागच्या वर्षी एका फुटक्या मडक्यात तूच दाखवली होतीस. डास बाहेर पडून उडून गेला की मागे साल राहते. शेकडो होती, सानिका. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर 'घरात पाणी साठू देऊ नये' अशी माझ्या सहीची नोटीस लावलेली आहे. महापालिकेच्या तपासणीला येणाऱ्या बायका आमचं दार बंद बघून परत गेल्या असणार. मी टब मोरीत उपडे केले, ब्रशने घासले. सुमन म्हणाली, "जाऊ द्या, झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. खाली तुझ्या खिडकीत ओढणी वाळत होती.

चौथ्या दिवशी तुला ताप आला.

हॉस्पिटलबद्दल मी लिहिणार नाही. एकच संध्याकाळ. ताप उतरला होता, तुझी आई म्हणाली उद्या मऊ भात देणार आहेत, आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं की सुटलीस. डॉक्टर मात्र अजून दोन दिवस जपायला हवं म्हणत होते. आई खाली औषध आणायला गेली आणि आपण दोघंच राहिलो. तुझ्या हाताला सलाइन होतं. तू म्हणालीस, "काका, आज मंगळवार ना? मिमीला भांडीची आठवण करा." मधमाश्यांना प्यायला पट्टीत तुम्ही मातीच्या वाट्या ठेवलेल्या, आत खडे घातलेल्या, म्हणजे माशी बुडत नाही. मंगळवारी आणि शनिवारी त्या रिकाम्या करून घासायच्या, म्हणजे डास होत नाहीत. पाळ्यांचा तक्ता पंपाच्या खोलीवर लावलेला. मी म्हणालो, "सांगतो." एवढंच म्हणालो. टबाची गोष्ट जिभेच्या टोकावर होती. म्हटलं, घरी आली की सांगू, मनसोक्त ओरडू दे मला, आणि त्यातच भांडणही मिटेल. मी तर त्या ओरडण्याची वाट बघत होतो. दोन दिवसांनी तू गेलीस.

तुला कुठला डास चावला, कुणाच्या घरचा, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तू रोज सियालदहच्या बाजारातून कॉलेजला चालत जायचीस, तिथला असेल. समोरच्या बांधकामावरचा असेल. मी हे स्वतःला रोज सांगत होतो, सकाळी चहाबरोबर आणि दुपारी जेवणाबरोबर. पण तुझी खिडकी माझ्या गॅलरीखाली आहे, आणि ती सालं मी डोळ्यांनी पाहिली होती.

इमारतीने मात्र निकाल लावून टाकला होता. तिसऱ्याच दिवशी कुणीतरी मातीच्या वाट्या लाथाडून फोडल्या. पाणी ठेवायचं, जंगल वाढवायचं, फवारणीला आडवं यायचं, मग दुसरं काय होणार? बिचारी स्वतःच बळी पडली. हे सगळं हळू आवाजात, हळहळत. मजुमदारबाबू डोळे पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले, रविवारी मीटिंग बोलवा, ती पट्टी साफ करून सिमेंट घालू. त्यांचा तुझ्यावर जीव नव्हता असं नाही. नोटीस मी टाइप केली. 'कीटकांसाठी साठवलेल्या पाण्यामुळे उद्भवलेला धोका लक्षात घेता...' आणि खाली माझी सही. हो, सानिका. माझी सही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं, तरी हात थांबला नाही.

ती नोटीस वाचून मिमी आली. शुक्रवारी दुपारी, शाळेच्याच कपड्यांत. इथली मुलं मला काकू म्हणतात, बंगालीत काका म्हणजे काकू, यावरून तू मला किती छळलंस! मिमी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, दिदि कि आमादेर बाटिर जोन्ने मारा गेलो?" दिदी आमच्या वाट्यांमुळे मेली का? मी काही बोलायच्या आत तिने सगळं ओकून टाकलं. एका शनिवारी तिची परीक्षा होती, पाळी तिची होती, तिने वाट्या घासल्या नाहीत. रविवारी घासल्या, एक दिवस उशिरा. अर्कोला सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही. दोन आठवडे ती हे पोटात घेऊन शाळेत जात होती. बारा वर्षांची पोर. तिने मला विचारलं की हे दिदीच्या आईला सांगायला हवं का, आणि तिला पोलीस नेतील का.

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, एका दिवसात काही होत नाही. तिचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? नोटीस माझ्याच सहीची होती. ती गेल्यावर सुमन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे नुसतं बघत राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर काही वाक्यं बोलावी लागत नाहीत.

रविवारी हॉल भरला होता. अर्को पाळ्यांचा तक्ता भिंतीवरून काढून घेऊन आला होता, सगळ्या खुणा केलेला, एक शनिवार सोडून. तो कुणी हातात घेतला नाही. मिमी त्याच्या मागे, खुर्चीच्या कडेवर. मजुमदारबाबूंनी मला प्रस्ताव वाचायला सांगितला. मी उभा राहिलो, कागद घडी करून खिशात घातला आणि माझ्या मोडक्या बंगालीत म्हणालो, "आमार बारान्दाय जोल छिलो. पोनेरो दिन." माझ्या गॅलरीत पाणी होतं. पंधरा दिवस. मग टब, अळ्या, सालं, ब्रश, सगळं सांगितलं. मुलांच्या वाट्या दर तीन-चार दिवसांनी घासल्या जात होत्या, माझा टब कुणी घासला नव्हता. हेही सांगितलं की नोटीस खोटी आहे आणि ती मीच लिहिली आहे. राजीनामा मजुमदारबाबूंपुढे ठेवला.

 मजुमदारबाबू म्हणाले, "ए कोथा आगे बोलेन नि केनो?" हे आधी का नाही बोललात?  मग अर्को उठला. म्हणाला, पट्टीला हात लावू नका. आम्ही मुलं दर रविवारी प्रत्येक घरात येऊन पाणी कुठे साठलंय ते बघू, बाल्कनी, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, सगळं. सुरुवात सेक्रेटरींच्या घरापासून. कुणी हसलं नाही. हिवाळ्यापर्यंत पट्टी तोडायची नाही आणि मुलांना कळवल्याशिवाय धूर सोडायचा नाही असं ठरलं. मी मिमीकडे बघितलं. ती रडत होती आणि माझ्याकडे इतक्या रागाने बघत होती की मला बरं वाटलं. तो राग तिने स्वतःवर धरला होता, आता तो जिथे असायला हवा तिथे आला.

पण एक चूक मी तिथेही केली. तुझी आई, वैशाली, मीटिंगला येईल असं मला वाटलंच नव्हतं. हे तिला आधी, तिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. मी बोलत असताना शेवटच्या रांगेतली एक खुर्ची सरकली. मान वळवली तेव्हा वैशाली दाराबाहेर पडत होती.

संध्याकाळी मी तुमची बेल वाजवली. दार तिनेच उघडलं. आत या म्हणाली नाही, मीही पाऊल टाकलं नाही. आतल्या खोलीत तुझे बाबा पाठमोरे बसले होते.  मी हात जोडले. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली,

"दादा, एकच विचारते. दरवर्षी किल्ली तिच्याकडे असायची. या वर्षी तिने मागितली नव्हती?"

नाही म्हणता आलं असतं. त्या वेळी सुमन बाजारात गेली होती, जिन्यात कुणी नव्हतं. हे फक्त तुला माहीत होतं आणि मला.

"मागितली होती," मी म्हणालो. "निघायच्या आदल्या दिवशी आली होती. म्हणाली, काका, किल्ली द्या, पाणी मी घालते. मी म्हणालो, या वर्षी गरज नाही."

वैशालीने मान हलवली, समजलं अशी. आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

लहानांनी आधी बोलावं म्हणून मी दीड महिना वाट बघत बसलो होतो ना, सानिका? तू आली होतीस. तू आधी बोलली होतीस. मी तुला दारातूनच परत पाठवलं. खाली उतरताना तू जिन्याच्या वळणावर जराशी थांबलीस, कठड्यावर हात ठेवून. मी बघत होतो. मी हाक मारली नाही.